शेवटच्या धारेचं दूध

दुधाचा कॅन परत आला त्याच्या आदल्या दिवशी त्या घरात सगळं रोजच्यासारखं होतं. उजाडता उजाडता आईने गोठ्याचं दार लोटलं. एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हातात बादली घेऊन ती तांबड्या गाईपाशी बसली. सातवा महिना सरत आला होता. लाकडी पाटावर बसलं की तिला कळ लागायची, म्हणून बाबांनी पेंडीचं रिकामं पोतं घडी करून वर टाकलं होतं. बाबांची माया पोत्याएवढीच असायची, आणि तीही न बोलता.

लेक दावणीत वैरण टाकत होती. ती विशीला आली होती. आईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पहिले दोन महिने तिने आईच्या पोटाकडे पाहायचंच टाळलं. दूध संकलन केंद्रावर कोणीतरी बाबांना म्हणालं होतं, "काय हो, पोरीचं लग्न करायचं वय, आणि घरात आईचाच पाळणा?" बाबा हसले होते. बोलणाऱ्यापेक्षा हसणाऱ्याचाच तिला जास्त राग आला होता.

आई तिला अजून मापटं म्हणायची. जन्मली तेव्हा धान्याच्या मापट्यात मावेल एवढीच होती, म्हणून. पुढे तिची खोडही तशीच निघाली. कोणाच्या ताटात किती भात पडला, कोणाला किती कालवण मिळालं, यावर तिचं बारीक लक्ष असे. केंद्रावरून रिकाम्या कॅनबरोबर रोज एक चिठ्ठी यायची, तिच्यावर दुधाची फॅट, म्हणजे साय-लोणी, आणि डिग्री, म्हणजे दुधाचा जडपणा, लिहिलेली असे. त्या चिठ्ठ्या ती तारेत ओवून ठेवायची. घरात दुसरं कोणी त्या वाचत नव्हतं.

"मापटं, कास धुवायला कोमट पाणी आण गं."

तीन दुभत्या गाई आणि एक गाभण काळी, एवढाच गोठा. उन्हाने गाई दमल्या होत्या, दूध उतरलं होतं. आईने तिघींच्या धारा काढल्या. शेवटच्या गाईची धार संपत आली तसा बादलीतला आवाज जाड झाला आणि थांबला. लेक कॅन घेऊन आली तरी आई उठली नव्हती. तिने गाईच्या कुशीला कपाळ टेकलं होतं आणि खालच्या पेल्यात सड निपटून शेवटची धार घेत होती. ही धार साईसारखी दाट असते. पेला तिने दोन घोटांत संपवला, दंडाने ओठ पुसले आणि मग तिला लेक दिसली.

"नर्सबाईंनी सांगितलंय ना, दूध घ्या म्हणून," आई म्हणाली. "तिघींचं मिळून एवढंच घेते. कोणाला बोलू नकोस."

"बरं."

लेकीने त्यावर विचारही केला नाही. आईने पेला वाशाच्या खाचेत ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठली. चपलेचा पट्टा तिच्या पावलात रुतून बसला होता.

चूल आत्याची होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माघारी आली ती या घरातच राहिली. सगळं दूध कॅनमध्ये जायचं, घरात चहा कोरा व्हायचा. आई दोनदा म्हणाली होती, वाटीभर दूध मला ठेवा म्हणून. आत्या म्हणाली, "दुधाने सूज चढते आणि पोर अंगाने वाढतं. मग अडकलं की कोणाला हाका मारशील?" ती हे उगाच बोलत नव्हती. तिचं स्वतःचं पोर दोन दिवस अडून राहिलं होतं, आणि ती रिकाम्या हातांनी घरी आली होती. बाबा म्हणाले होते, "गाई आटल्यात. बाळंत झाल्यावर पी हवं तेवढं." झालं, तो विषय तिथेच संपला. पायांवर सूज दिसल्यापासून आत्याने आईच्या जेवणातलं मीठही काढलं होतं. आई अळणी भाताचे चार घास गिळायची आणि ताट सारायची.

दुपारी नर्सबाई आल्या. सायकल भिंतीला लावली, घाम पुसला आणि आईच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला, हवा सोडली, पुन्हा दाबला.

"बीपी वरचं एकशे चाळीस, खालचं नव्वद," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला एवढं नव्हतं. गोळ्या घेता ना?"

"घेते की," आईच्या आधी आत्याच बोलली.

"दूध?"

आईने लेकीकडे पाहिलं. "घेते."

"जेवण अळणी करता का?"

"सूज आहे म्हणून बंद केलंय मीठ," आत्या म्हणाली.

"बंद करू नका हो. सगळ्यांच्या जेवणात असतं तेवढं असू दे. मीठ तोडून हे उतरत नाही, उलट बाई उपाशी राहते. हे नक्की कशाने होतं ते कोणालाच पुरतं कळलेलं नाही. पण जिच्या पोटात दूध, कॅल्शियम कमी जातं तिला जास्त होतं, एवढं दिसलंय. म्हणून या पांढऱ्या गोळ्या." त्यांनी आणखी दोन पाकिटं ठेवली. "आठवड्याने आरोग्य केंद्रावर या तपासायला. आणि डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे चांदण्या आल्या, छातीखाली पोटात दुखलं, तोंड-हात एकाएकी सुजले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्या बघू म्हणायचं नाही." मग त्या लेकीकडे वळल्या. "तू शिकलेली आहेस. तू लक्ष ठेव."

सायकल वळणावर दिसेनाशी झाली तसे बाबा म्हणाले, "त्या पट्ट्याला ठिगळ आहे, पाहिलंत? केंद्रावरचं मशीन आपलं दूध पातळ दाखवतं, बाईंचं मशीन आपलं माणूस आजारी दाखवतं. सगळी मशीनं त्यांच्याच बाजूची."

"गोळ्या देतात, पोर फुगवतात, मग म्हणतात कापावं लागेल," आत्या म्हणाली.

संध्याकाळी काळ्या गाईला औषध पाजायचं होतं. ती पंधरा-वीस दिवसांत व्यायची होती. व्यायल्यावर गाय कॅल्शियमअभावी खाली बसते हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. फळीवर त्यासाठी भली मोठी बाटली होती. आईने गाईची मान वर धरली. बाबांनी बाटली जबड्यात तिरकी करून घोट घोट ओतली, मधे मधे गळा चोळला, "घे माझी बाय, घे," म्हणत.

"मलाही असं कोणी चोळून पाजलं असतं," आई म्हणाली.

बाबा हसले. आईही हसली. तिची ती चेष्टा होती.

लेक आंबोणाची पाटी आणायला मागे गेली तर तिथे आत्या दगडाने काहीतरी चेचत होती. पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या. तिने चुरा भिजवलेल्या पेंडीत मिसळला.

"वाया कशाला घालवायच्या," आत्या म्हणाली. "गाईच्या अंगी लागतील. तू बोलू नकोस हं."

लेकीने पाटी उचलली आणि काळ्या गाईपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळी वेळेआधीच परत आले. सायकल ढकलत, चालत. कॅन भरलेला होता.

"फॅट तीन पॉइंट चार लागली," ते म्हणाले. "साडेतीनच्या खाली घेत नाहीत."

केंद्रावर रांगेतल्या सगळ्यांदेखत त्यांना बाजूला काढलं होतं. फॅट मोजणाऱ्याने आपलं मशीन पुसलं आणि म्हणाला होता, तुमच्या गाईला नळ बसवलाय का? लोक हसले होते. बाबा आजवर दुसऱ्यांच्या कॅनवर असेच हसत आले होते.

"कॅन कोण धुतं?" त्यांनी अंगणातच विचारलं.

"मी," आत्या म्हणाली.

"उपडा घालतेस, की नुसता झटकतेस?"

"अरे, एवढी वर्षं धुतेय. उपडाच घालते."

"मग पाणी आलं कुठून? आकाशातून?"

"मला काय विचारतोस? पहाटे गोठ्यात मी असते का?" आत्याचा आवाज फाटला. "तुझ्या घरात पाण्याचा थेंब चोरला नाही मी कधी. आता दुधात पाणी घातल्याचा आळ घ्यायचा राहिला होता, तोही घे म्हणावं."

आई ओट्यावर बसून होती. बाबांनी दूध चहावाल्याकडे नेऊन ओतलं, आणि येताना गोठ्याच्या दारासाठी कुलूप आणलं. शेजाऱ्याने सकाळी कॅनशी थांबून गप्पा का मारल्या, हेही त्यांना दुपारपर्यंत खटकू लागलं होतं.

लेकीने तार काढली. आठवड्याच्या चिठ्ठ्या अंथरल्या. उन्हाने फॅट रोज थोडी थोडी उतरत होती, काठावर आली होती. आज काठाखाली गेली. पण डिग्री? डिग्री उतरली नव्हती. उलट एका अंशाने चढली होती. पाणी पडलं असतं तर दोन्ही खाली आल्या असत्या. तिने चिठ्ठी पुन्हा पाहिली. म्हणजे दुधात काही घातलेलं नव्हतं. दुधातून काहीतरी निघालेलं होतं, आणि जे निघालं होतं ते साईचं होतं; साय गेली की डिग्री चढते.

बाबा विहिरीपाशी सायकलच्या चाकात हवा भरत होते. ती चिठ्ठ्या घेऊन गेली.

"बाबा, पाणी नाहीये हो दुधात. आत्याला उगाच बोललात."

तिने त्यांना आकडे दाखवले. बाबांनी पंपाचा दांडा धरूनच ऐकलं. त्यांना डिग्री कळत होती. कोणी समोर मांडून दाखवली नव्हती, एवढंच.

"म्हणजे शेवटची धार जात नाही बादलीत."

"नाही."

"कोण घेतं?"

"धार आईच काढते."

"तू पाहिलंस?"

लेकीने मान हलवली. "नर्सबाईंनी सांगितलंय तिला, म्हणून," ती म्हणाली. पण तोवर बाबांनी पुन्हा पंप मारायला सुरुवात केली होती.

आत्यावरचा आळ उतरला, आणि चिठ्ठी आपल्याला बरोबर वाचता आली, या दोन्हींनी तिला बरं वाटलं. विहिरीवरून घरी येईपर्यंत ती खुशीत होती. ती खुशी तिला पुढे फार छळणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई तांबडीपाशी बसली आणि बाबा येऊन तिच्या मागे उभे राहिले. तिघींच्या धारा होईपर्यंत उभे होते. आईचे हात चालू होते, पण मानेवर घाम आला होता. शेवटी सड मऊ पडले तेव्हा ती थांबली.

"काढ," बाबा म्हणाले. "शेवटची."

तिने काढली. बादलीत.

बाबांनी वाशाच्या खाचेतला पेला उचलला, बघितला आणि खिशात घातला. "घरात मागायला काय झालं होतं?"

"मागितलं होतं," आई म्हणाली.

लेक दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. बाबांनी बादली उचलली आणि तिच्या बाजूने निघून गेले. त्या दिवसापासून प्रत्येक गाईचे शेवटचे सड ते स्वतः पिळू लागले. कॅन पुन्हा केंद्रावर घेतला जाऊ लागला.

आईने कोणालाच काही विचारलं नाही. मात्र ती आत्याशी बोलायची थांबली. आत्याने ताट वाढलं तर म्हणायची, "तिथे ठेवा वन्सं," आणि मग ते ताट तसंच राहायचं. आत्या दोन दिवस समजून घेत होती, तिसऱ्या दिवशी तीही फुगली. एक बाई चुलीपाशी, दुसरी गोठ्यात. मधल्या अंगणात लेक एकीचा निरोप दुसरीला सांगत फिरायची. "आईला विचार, कालवण हवं का." "आत्याला सांग, भूक नाही." आठवड्याने तपासायला आरोग्य केंद्रावर जायचं होतं, बाबा म्हणाले, वैरणीची गाडी यायचीय, पुढच्या आठवड्यात बघू.

काळी गाय व्यायली. कालवड झाली. आणि एवढं पाजूनही दुसऱ्या दिवशी ती खाली बसली, मान कुशीकडे वळवून. बाबांनी ते पाहिलं मात्र, सायकल काढली आणि अर्ध्या तासात जनावरांच्या डॉक्टरला मागे बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी गाईच्या शिरेत सुई घातली, बाटली उंच धरली. बाटली रिकामी होते न होते तोच गाय धडपडत उभी राहिली. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे ओले झाले होते.

"हिचं बरंय," आई ओट्यावरून म्हणाली. "नुसती खाली बसली तरी डॉक्टर येतो."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी लेक आईचे केस विंचरत होती. आईचं बोट आता अंगठी काढू देत नव्हतं, पापण्या जड झाल्या होत्या. कंगवा टाळूवर टेकला तशी आई कळवळली.

"हळू गं. डोकं ठणकतंय."

"कधीपासून?"

"उठल्यापासून. धार काढताना डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. बादलीच दिसेना मला." तिने हसायचा प्रयत्न केला. "तांबडीला वाटलं असेल, आज हिला झालंय काय."

लेकीचा हात थांबला. "नर्सबाई म्हणाल्या होत्या..."

"माहीत आहे काय म्हणाल्या होत्या ते. उन्हाचं आहे. उतरेल." आईने मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं. "बोलू नकोस कोणाला. परत हे येऊन मागे उभे राहतील. यात काय खोटं, त्यात काय खोटं, ते बघत. मला नको आता ते. वन्संनी ती एक चुगली केली तेवढी पुरे." मग ती म्हणाली, "तुला सांगते, तू पोटात ठेवतेस म्हणून."

लेकीने केसांचे तीन पेड घातले. मधला पेड सुटला, तिने पुन्हा घातला. वेणीच्या टोकाला दोरा बांधला. एकदा बोलून तिने आईचा पेला घालवला होता. या वेळी ती बोलणार नव्हती.

मंगळवारी तिने विचारलं, "डोकं?"

"जरा कमी आहे." आईने छातीखाली तळहात दाबून धरला होता. "इथे जळजळतंय. पोटात काही नाही ना, म्हणून."

बुधवारी ती विचारायचीही राहिली. बाबा अंगणात कॅनचं झाकण ठोकून सरळ करत होते. ती त्यांच्याजवळ दोनदा गेली. एकदा पाणी दिलं, एकदा नुसतीच उभी राहिली. "काय गं?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही."

गुरुवारी सकाळी आई तांबडीपाशीच कोसळली. बादली लवंडली. तिचं सगळं अंग ताठ झालं आणि मग झटके येऊ लागले. टाच शेणात घासत होती, दात एकमेकांवर रुतले होते. तांबडी लाथाळ गाय, पण त्या दिवशी तिने पाय उचलला नाही. ती मान वळवून बघत राहिली. आत्या धावत आली आणि तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं. "अगं, बोल गं माझ्याशी," म्हणत राहिली, "बोल गं एकदा."

दूध केंद्राचा टेम्पो वाटेवर थांबवला. भरलेल्या कॅनच्या मधे पोतं अंथरून आईला घातलं. ते तेच पेंडीचं पोतं होतं. वळणावर कॅन एकमेकांवर आपटायचे आणि लेक दोन्ही हातांनी ते आईपासून दूर ढकलत राहायची.

दवाखान्यात पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. एवढीशी, पण रडली. आई शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची गाडी ओळीतून खडखडत जात असताना, ती गेली.

घर परत आलं ते संशय घेऊन. बाबा म्हणायचे, दवाखान्यात चुकीचं इंजेक्शन दिलं, नाहीतर आत जाताना तिचा श्वास चालू होता. आत्या म्हणायची, गोळ्यांनीच केलं सगळं. आणि मग एकदम गप्प व्हायची, कारण गोळ्या कुठे गेल्या ते तिलाच माहीत होतं. तिला आणि लेकीला. आत्याने वर फळीवर ठेवलेलं मिठाचं भांडं कोणीतरी पुन्हा खाली चुलीशेजारी आणून ठेवलं होतं. बाबा आता धारा काढायचे. पहिल्या काढलेल्या दुधातून ते न बोलता एक पातेली भरून ठेवायचे. तान्हीला ते चालत नव्हतं. तिला दवाखान्यातून आणलेली पावडर लागायची. पातेली रोज तशीच राहायची, आणि रोज भरली जायची.

एकदा लेक तान्हीला बाटली देत होती. आत्या समोर बसून डाळ निवडत होती.

"शेवटी बोलली नाही माझ्याशी," आत्या म्हणाली. "तिला वाटलं, मी चुगली केली. मी नव्हती केली गं. मला तर त्या पेल्याचा पत्ताही नव्हता."

"मला माहीत आहे," लेक म्हणाली.

आत्याचा हात डाळीत थांबला. "तुला कसं माहीत?"

तान्ही ठसकली, खोकली. लेकीने तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, बराच वेळ थोपटली. आत्याने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर ती लेकीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली, तागडीत दगड घालून ठेवलाय का ते तपासणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

दोन महिन्यांनी नर्सबाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक डॉक्टरबाई होत्या. हातात छापील कागद. बाबांनी खुर्ची दिली, पण स्वतः बसले नाहीत.

"चौकशी कसली? तक्रार केली का कोणी?"

"तक्रार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाळंतपणात बाई गेली की आम्ही प्रत्येक घरी जातो. पुढची बाई जाऊ नये म्हणून विचारतो. पोलिसांचा संबंध नाही, कोणाला शिक्षा नाही."

"असंच म्हणतात सगळे," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. वय, कितवी खेप, तपासण्या किती झाल्या. बाबा मोजून मापून उत्तरं देत होते. आत्या दाराच्या चौकटीत उभी होती. लेक ओट्यावर, मांडीवर तान्ही.

"गोळ्या घेत होत्या?"

"घेत होती," आत्या म्हणाली. नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"जेवण पोटभर जायचं?"

"घरात काही कमी नव्हतं," बाबा म्हणाले.

"दूध?"

"गोठा दिसतोय ना तुम्हाला? दुधाच्या घरात विचारता? प्यायची की."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. "झटके यायच्या आधी काही त्रास? डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "एकाएकी झालं. सकाळी चांगली उठली होती. काही असतं तर सांगितलं असतं ना तिने कोणाला तरी."

डॉक्टरबाईंचं पेन कागदावर सरकलं. लेकीला ते उलटं दिसत होतं, पण वाचता येत होतं. छापलेल्या ओळीपुढे त्या 'नाही' लिहीत होत्या. पहिलं अक्षर झालं होतं.

"थांबा," लेक म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मांडीवरची तान्ही मूठ चोखत होती.

"गोळ्या गाईला घातल्या. आत्याने चेचल्या आणि पाटी मी ठेवली गाईपुढे. दूध ती चोरून प्यायची, शेवटच्या धारेचं, पेलाभर. ते बाबांना मी सांगितलं. विहिरीवर. आत्याने नाही."

आत्या चौकटीतच खाली बसली. बाबा काहीतरी बोलायला गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका पेल्याने हे झालं असं कोणी म्हणू शकणार नाही, बाळा."

"ते नाही," लेक म्हणाली. "त्याच्यापुढचं. तिचं डोकं दुखत होतं. चांदण्या दिसत होत्या. छातीखाली जळजळत होतं. मला सांगितलं होतं तिने. बोलू नकोस म्हणाली, आणि मी बोलले नाही."

बाबांनी ओट्याची कड धरली. डॉक्टरबाईंनी लिहिलेलं अक्षर खोडलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"सोमवारपासून," लेक म्हणाली. "सोमवारी सकाळी. मी तिची वेणी घालत होते."